लेव्हलपुरतं काहीतरी बोल

९ फेब्रुवारी, सोमवार

तीन दालनं मिळाली! दोन नाही, तीन. कलादालनाच्या बाईंचा सकाळीच फोन. कुठली वस्तू कुठे, किती उंचीवर, किती उजेडात ठेवायची हे ठरवणं त्यांचं काम. म्हणून मी त्यांना मनातल्या मनात मांडणीबाई म्हणतो. तोंडावर अर्थातच मॅडम.

पहिल्यात कागद, दुसऱ्यात आवाज, तिसऱ्यात पडदे. माझं तेहतीस वर्षांचं काम एका छपराखाली. उद्घाटन १५ मार्चला, रविवारी. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात वितळलेल्या कथिलाने बोटं भाजून घेणाऱ्या पोराला कोणी सांगितलं असतं तर त्याने आधी तुमचा रेडिओ तपासला असता.

"सर, सुरुवात 'कडी'पासूनच ना?" मांडणीबाई.

दुसरं काय असणार? तिन्ही दालनांत तीच. कागदावर कविता, आवाजात कडीचा खणखणाट, पडद्यावर दाराला अडकवलेली चादर, आठ मिनिटं, नुसती हलतेय. (पडद्यामागे पंखा धरून बायको उभी होती, आठही मिनिटं. तिचं नाव शेवटी येतं. तसा करार होता.)

इथेही उतरवून ठेवतो, समोर असलेली बरी—

चादरीची चार टोकं.
दोन माझ्या हातात,
दोन दाराच्या कडीत.
कडी चांगली आहे.
ओढून धरते.
फक्त माझ्याकडे
चालत येत नाही.

सात ओळी. सात ओळींवर माणूस किती लांब जातो!

११ फेब्रुवारी, बुधवार

मासिकाची मुलाखतकार आली होती. हुशार बाई, पण प्रश्न तेच. मीही उत्तरं तीच देतो. घासून घासून गुळगुळीत झालीत, हातात छान बसतात.

पहिला प्रश्न— कडी कशी सुचली? मग माझी बसची गोष्ट. चोविसाव्या वर्षी, खिडकीशेजारी, संपूर्ण कविता एका दमात आली. एक शब्द खोडावा लागला नाही. तिकिटाच्या मागे लिहिली. "जणू कोणीतरी कानात सांगतंय," असं मी इथे नेहमी म्हणतो. म्हटलं.

दुसरा— चादरच का? तर सांगितलं, माझी ताई हॉस्पिटलच्या धुलाईघरात होती. मोठी चादर दोघींनी घडी करायची. एकीने टोकं धरून उभं राहायचं, दुसरीने चालत येऊन आपली टोकं तिच्या हातात द्यायची. लहानपणापासून बघितलेलं.

तिसरा— घरचे काय म्हणाले? इथे मी हमखास हशा घेतो. पहिल्या वाचनाला ताई दुसऱ्या रांगेत बसली होती. टाळ्या थांबल्यावर विचारलं, कशी वाटली? ताई म्हणाली, "अर्धवट." बस. एक शब्द. त्यानंतर ती माझ्या एकाही कार्यक्रमाला आलेली नाही. गर्दी सोसत नाही तिला.

मुलाखतकार खूप हसली. मग गंभीर होऊन, "पण सर, तुमच्यातला हा एकटेपणा..."

स्वयंपाकघरात भांडं पडलं. पडलं नाही, बायकोच्या हातून हसण्याने सुटलं. मी आणि एकटेपणा! मला लिफ्टमध्येसुद्धा कोणी बोलायला नसेल तर मी जिन्याने जातो. पण 'एकटेपणाचा कवी' हे एकदा चिकटलं ते चिकटलं. मीही सोलून काढलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

दालनात चाचणी. आत पाऊल टाकलं आणि म्हटलं, "तिसऱ्या दालनातला डावीकडचा प्रोजेक्टर बदला. पंख्याचं बेअरिंग जातंय." वायरमन हसला. "साहेब, मला तर काही ऐकू येत नाही." उघडून बघितलं— बेअरिंग! आता तो मला साहेबऐवजी डॉक्टर म्हणतो.

घरी येऊन हे रंगवून सांगितलं. बायको भाजी चिरत होती. "अहो, तुम्हाला पंख्याचं बेअरिंग ऐकू येतं. मी आत्ता काय म्हणाले?"

"काय?"

"तेच म्हणाले."

लेक तिथेच लॅपटॉपवर पडद्यांची जुळवाजुळव करत होती. ती व्हिडिओ जोडते, माझ्याहून चांगली. "आई, बाबाला आवाज ऐकू येतो गं. बोलणं वेगळ्या खात्यात जातं."

हसलो. दोघींची जुगलबंदी सुरू झाली की मी आवाजाची लेव्हल कमी करतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

टेपांची पेटी माळ्यावरून काढली. दुसऱ्या दालनात सुरुवातीच्या दिवसांचा एक कोपरा हवाय मांडणीबाईंना. पेटीत टेप गुंडाळलेल्या सतरा चकत्या. प्रत्येकीवर माझं तेव्हाचं गिचमिड अक्षर— 'ताई १', 'ताई २'... 'ताई १७'.

तेव्हा माझा आवाज पत्र्यासारखा होता. कविता माझ्या, आवाज ताईचा. दुकानातलं तिसऱ्या हाताचं रेकॉर्डर दुरुस्त करून घेतलेलं. रविवारी दुपारी धुलाईघर बंद. ताईकडे कोठाराची किल्ली. चारी भिंतींना छतापर्यंत घडी केलेल्या चादरी, आवाज असा सुका यायचा की आजच्या महागड्या स्टुडिओने शिकावं. कोणी शिकवलं नव्हतं मला ते. एकदा कोठारात शिंकलो आणि शिंक परत आली नाही, तेव्हा कळलं.

चकत्या घेऊन बेकरीवाल्याकडे गेलो. जुना दोस्त, आकाशवाणीतून निवृत्त. जुन्या टेपांवरचा लेप ओल धरून चिकट होतो, टेप तशीच फिरवली तर तो सोलून निघतो. म्हणून हा गृहस्थ टेपा विजेच्या छोट्या भट्टीत मंद आचेवर आठ तास शेकतो, गार करतो आणि मग एकदाच चालवून उतरवून घेतो. म्हणून बेकरीवाला.

"काय कविराज, सतरा पाव का?"

"आधी एक भाज. चव बघू."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

'ताई १' भट्टीत. चोपन्न अंश. आठ तास. बेकरीवाला म्हणतो, झाकण उघडून बघायचं नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कुठून सुरू करू?

क्रमाने लिहितो. क्रम चुकवून उपयोग नाही.

बेकरीवाल्याची खोली, दोन स्पीकर, चहा. टेप फिरली. आधी खरखर, मग खुर्ची ओढल्याचा आवाज, मग मी. चोविसाचा मी, पत्र्याच्या आवाजात— "ताई, लेव्हलपुरतं काहीतरी बोल."

हे प्रत्येक रेकॉर्डिस्ट म्हणतो. खरं वाचन सुरू व्हायच्या आधी समोरच्याला काहीही बोलायला लावायचं. सकाळी काय खाल्लं, कुठली बस पकडली, काहीही. तो बोलतो तोवर आपण सुईकडे बघत बटण फिरवायचं. सुई लाल रेघेला टेकली तर आवाज फाटतो, खालीच राहिली तर खरखर. शब्दांशी आपलं काही देणंघेणं नसतं. नंतर तो तुकडा कापून फेकून द्यायचा.

टेपवर ताई— "काय बोलू?"

मी— "काहीपण गं."

आणि ताई, तिच्या रोजच्या आवाजात, जसं दुधवाल्याबद्दल सांगावं तसं—

"चादरीची चार टोकं. जोडीदारीण आली नाही की दोन माझ्या हातात, दोन दाराच्या कडीत. कडी चांगली आहे. ओढून धरते. फक्त माझ्याकडे चालत येत नाही. मग—"

मी— "बस, बस. मिळाली लेव्हल."

त्यानंतर ताई माझी तेव्हाची कविता वाचते. तिच्यात 'क्षितिज' चार वेळा आहे.

बेकरीवाल्याचा चहाचा कप अर्ध्यात थांबलेला. मी म्हटलं, "परत लाव." त्याने लावलं. परत. तिसऱ्यांदा मी काही म्हटलं नाही, त्यानेच लावलं.

तारीख चकतीवर आहे. बसच्या दीड महिना आधीची.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज दिवसभर स्वतःचा वकील झालो होतो. चांगला वकील आहे मी.

मुद्दा एक: बोलणं म्हणजे कविता नव्हे. ओळी मी तोडल्या. मुद्दा दोन: माझं सगळं काम लोकांच्या बोलण्यातूनच आलंय, रांगांतून, दवाखान्यांच्या बाकांवरून. मी ते कधी लपवलं नाही. मुद्दा तीन: मला माहीतच नव्हतं. चोरी म्हणजे माहीत असून घेणं.

मग दोन्ही शेजारी शेजारी लिहून बघितलं. ताईचं बोलणं आणि माझी कविता. माझी भर किती? शून्य. मी एक तुकडा गाळला, 'जोडीदारीण आली नाही की'. म्हणजे चादर एकटी का धरावी लागली, तेवढं कारण गाळलं. आणि सहा ठिकाणी एन्टर मारला.

मुद्दा एक पडला. दोनमधली माणसं अनोळखी होती आणि त्यांचे तुकडे होते, ही अख्खी आहे, आणि ओळखीची आहे. म्हणजे दोनही पडला. तीन तेवढा उभा आहे, एका पायावर.

जणू कोणीतरी कानात सांगतंय— हे वाक्य मी शंभर तरी वेळा टाळ्यांसाठी वापरलंय. सांगतच होतं की कोणीतरी! हेडफोनमधून! दोन हातांवर बसून!

२३ फेब्रुवारी, सोमवार

बायकोला सांगितलं नाही. काहीतरी बिनसलंय हे तिला कळलंय. तिने विचारलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

बेकरीवाल्याचा फोन. इकडचं तिकडचं बोलला, हवा, गुडघा. मग म्हणाला, "दालनाला फाइल पाठवायचीय. लेव्हलचा भाग कापू ना? कोण ठेवतं लेव्हलचा भाग! सगळेच कापतात."

खरंच आहे. सगळेच कापतात. त्याला कोणी नावं ठेवणार नाही, मलाही नाही. चाळीस सेकंदांचा तुकडा. कात्री लावायचीही गरज नाही, एक बोट पुरे.

"कविराज? ऐकतोयस ना?"

ऐकत होतो. त्याच्या मागे भट्टीचा पंखा, आणि त्याच्या आवाजातलं ते— मैत्रीचं, अवघडलेलं. तो मला वाट करून देत होता.

"ठेव," म्हटलं. "रविवारपर्यंत काही पाठवू नकोस."

मला टोचतंय ते वेगळंच. ते 'मग'. मग काय? ती पुढे काहीतरी म्हणणार होती. मी तिला थांबवलं आणि कविता तिथेच संपली. 'चालत येत नाही' यावर लोकांनी काय काय लिहिलं! उजाड शेवट, न भेटणारा माणूस, तुटलेला संवाद. एकाने त्यावर पदवी मिळवली. आणि शेवट कशामुळे झाला? लेव्हल मिळाली म्हणून!

'अर्धवट' म्हणाली होती ती. आणि मी ते विनोद म्हणून सांगत हिंडलो.

१ मार्च, रविवार

ताईकडे गेलो. खिशात छोटं रेकॉर्डर. वाटभर बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. 'ताई, एक गैरसमज...' नको. 'ताई, तुझं माझ्यावर एक...' नको. शब्दांवर पोट भरणारा माणूस मी!

दार उघडून ताई— "आज कसा उगवलास? फोन नाही, काही नाही. बायकोने हाकललं?"

सत्तरीला टेकली तरी सकाळी धुणं, दुपारी घड्या. खाटेवर वाळलेल्या चादरींचा ढीग. "आलायस तर टोकं धर."

धरली. ती समोर, चादर मध्ये ताणलेली. मी मनात वाक्यं लावत उभा. ती वाट बघतेय. मी उभाच.

"अरे चाल की! कडीसारखा काय उभा राहिलास?"

चाललो. टोकं तिच्या हातात दिली आणि तसंच, चादर दोघांच्या हातात असताना, तोंडातून निघालं, "ताई, कोठारातली टेप ऐकली. लेव्हलची."

ती घडीवरून हात फिरवत राहिली. "मग?"

"तेच विचारायला आलोय. मगच्या पुढे काय होतं?"

ताई खाटेवर बसली. खाली कोणीतरी सायकल उभी केली, स्टँडची स्प्रिंग सैल होती. अशा वेळीही मला स्प्रिंगच ऐकू येते.

"तेहतीस वर्षांनी विचारतोस?"

"आत्ता कळलं."

"आत्ता?" तिने माझ्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत, डागाळलेली चादर बघावी तसं. "मला वाटलं, तुला माहीत आहे."

"शपथ. मला वाटलं बसमध्ये सुचली."

"मी समोर बसून बोलले. कानाला ते डबडं लावून तू समोर. हात लांब केला तर नाक धरता आलं असतं तुझं!"

"मी सुईकडे बघत होतो."

"कुठल्या सुईकडे?"

सांगितलं. सुई कशी हलते, लाल रेघ कुठे असते, शब्द का ऐकायचे नसतात. ती नीट ऐकत होती. ती नेहमीच नीट ऐकते. माझं सांगून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे चोर नाहीस तू. गाढव आहेस."

"हो."

"मग बरंय. गाढव घरचंच आहे."

आणि हसायला लागली. हसता हसता थांबली. "मी त्या दिवशी दुसऱ्या रांगेत बसलेले. म्हटलं, छोट्या माझंच बोलणं म्हणतोय, आता नाव घेईल. आता घेईल. मग टाळ्या झाल्या. आणि वर तू येऊन विचारतोस, कशी वाटली?"

"मला वाटलं तुला गर्दी सोसत नाही. म्हणून येत नाहीस."

"धुलाईघरात चाळीस बायकांत हयात गेली माझी. मला गर्दी सोसत नाही!"

"बोलली का नाहीस गं?"

"काय बोलणार? तुझी गाडी लागली होती रुळाला. दुकानातनं सुटला होतास. म्हटलं, जाऊ दे, त्याच्या उपयोगी पडली." चादरीची कड सरळ केली. "पण अर्धीच नेलीस याचा राग आला. न्यायची तर नीट न्यावी."

मी रेकॉर्डर काढलं. हात आपोआप बटणाकडे. "ताई, लेव्हल—"

तिने कमरेचा रुमाल काढून रेकॉर्डरच्या पडद्यावर टाकला. "लेव्हल नको बघू. नुसतं ऐक."

ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा मशीन चालू असताना मी माणसाच्या तोंडाकडे बघितलं. ती सगळं परत बोलली, पहिल्यापासून, कारणासकट. आणि मग—

"मग मीच चालत जाते.
घडी होते.
कोण चालत गेलं ते
चादरीवर दिसत नाही."

म्हणाली, "झालं. एवढंच होतं."

एवढंच!

२ मार्च, सोमवार

सकाळी चहाला बायको आणि लेक दोघींना बसवून सांगितलं. टेप ऐकवली, मग कालचं.

लेक पडली माझ्यासारखीच व्यवहारी. "बाबा, लोक चोर म्हणतील तुला."

"ताईने गाढवावर मिटवलंय. लोकांनाही तिथे आणू."

"आणि नाही आले तर?"

"तर चोर."

म्हटलं खरं. या नावावर तीन दालनं उभी आहेत, पुढच्या वर्षीची दोन आमंत्रणं आहेत. मी काही साधू नाही. पण तेहतीस वर्षं ती आता घेईल, आता घेईल करत बसलीय दुसऱ्या रांगेत. आणखी किती बसवायची?

बायको एवढंच म्हणाली, "रुमाल कुठे मिळतो तो? मलाही हवा एक."

३ मार्च, मंगळवार

मांडणीबाईंना सांगितलं. त्यांनी आधी पाणी मागितलं.

"सर, कॅटलॉग छापून आलाय. सहाशे प्रती. भिंतीवरची अक्षरं कापून झालीत. सगळं प्रदर्शन 'एकटेपण' या सूत्रावर उभं आहे!"

"सूत्र चुकलंय, मॅडम. कविता विनोदी आहे."

त्यांनी ताईची टेप ऐकली. कानाला हेडफोन, डोळे मिटलेले. शेवटच्या ओळीला डोळे उघडले. काढून ठेवत म्हणाल्या, "अक्षरं पुन्हा कापते. पण उद्घाटनाला त्या यायला हव्यात. नाहीतर हे परत तुमचंच कौतुक होईल— बघा, किती प्रामाणिक!"

बाई हुशार आहेत. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. (आलं होतं. थोडं.)

७ मार्च, शनिवार

सहाशे चिठ्ठ्या. मी, बायको, लेक, आणि डिंकाच्या बाटल्या घेऊन आलेला बेकरीवाला. पान नऊवर चिकटवायच्या. मजकूर माझा, अर्धा तास लागला, इतकं कमी मी कधी लिहिलं नव्हतं—

'ही कविता माझ्या थोरल्या बहिणीची. मी तिचा आवाज तपासत होतो. ऐकत नव्हतो. खालच्या ओळी तेव्हा माझ्यामुळे राहून गेल्या.'

आणि खाली ताईच्या चार ओळी.

दोनशेव्या चिठ्ठीनंतर बेकरीवाला म्हणाला, "बरं झालं कापला नाही मी."

"विचारलं होतंस."

"विचारायचं काम होतं. तू हो म्हणाला असतास तर कापला असता. आणि परत चहाला आलो नसतो."

म्हणजे तीही लेव्हलच होती. माझी.

१० मार्च, मंगळवार

ताईला फोन. येशील ना? "बघू." गाडी पाठवतो. "मला बस कळते." मग येतेस? "बघू म्हटलं ना!"

१३ मार्च, शुक्रवार

मासिकाच्या बाईंना सगळं कळवलं. बसची गोष्ट काढून टाका म्हटलं. त्या म्हणाल्या, अंक बाजारात गेलाय. बरं. मिळेल तिथे तिथे खोडत जाऊ.

१६ मार्च, सोमवार

कालचं आज लिहितोय, सकाळच्या उन्हात, डोकं शांत असताना.

सहा वाजता दालन भरलं. दुसऱ्या रांगेतली एक खुर्ची मी रुमाल टाकून राखलेली. सव्वासहा— रिकामी. साडेसहा— रिकामी. मांडणीबाई माझ्याकडे बघतायत, मी दाराकडे. मनात म्हटलं, नाही आली तर नाही आली, तिचा हक्क आहे. तिने तेहतीस वर्षं वाट बघितली, मी तीस मिनिटं.

पावणेसातला माईकपाशी उभा राहिलो. सांगायला तोंड उघडलं आणि मागे दाराची कडी वाजली. ती कडी मी ओळखतो, आम्ही दालनात मुद्दाम बसवलेली. ताई. हातात पिशवी, पायात चालायचे बूट. "बस अर्ध्यात बंद पडली," अख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात. "चालत आले."

कोणीतरी हसलं. मग सगळे. मी माईकवरनं म्हटलं, "या माझ्या ताई. कविता यांची आहे." एवढंच. पुढचं भाषण पाठ केलेलं, ते गेलं कुठल्या कुठे. टेप लावली. जुनी, मग नवी.

'बस, बस, मिळाली लेव्हल'ला कोणीतरी चुकचुकलं. पहिल्या रांगेतले एक समीक्षक चष्मा पुसायला लागले, त्यांचं या कवितेवर पुस्तक आहे. एक जण उठून गेला आणि दारात 'चोर' म्हणाला. ऐकलं. ऐकू आलं, शब्दासकट. मग ताईची शेवटची ओळ आली आणि मागच्या बाजूला एक बाई खदखदून हसली. माझ्या कवितेला— या कवितेला— कोणी पहिल्यांदा हसलं. ताईने वळून त्या बाईला मान डोलावली, एका कारागिराने दुसऱ्याला डोलवावी तशी.

टाळ्या थांबल्यावर तिच्याजवळ गेलो. विचारायचं धाडस होईना.

"विचार की," ताई म्हणाली.

"कशी वाटली?"

"आता झाली पुरी." मग पडद्यावरच्या चादरीकडे बघत, "ती इतकी हलतेय कशाला रे? अशी चादर घडीला यायची नाही. कोणी पंखा धरलाय?"

बायकोने लांबूनच हात वर केला.

१८ मार्च, बुधवार

बेकरीवाल्याचा फोन. 'ताई २' ते 'ताई १७' भाजून, ऐकून झाल्या. प्रत्येकीच्या सुरुवातीला लेव्हल आहे. प्रत्येकीत ताई काहीतरी बोलतेय आणि प्रत्येकीत मी 'बस, बस' म्हणतोय.

त्या सोळा बोलण्यांपैकी तीन माझ्या पुस्तकांत आहेत, माझ्या कविता म्हणून. तेरा कुठेच नाहीत.

मांडणीबाईंना कळवलं, पुढच्या वर्षीची दालनं माझ्या नावावर नकोत, ताईच्या. रेकॉर्डिस्ट म्हणून माझं नाव शेवटी, पंखेवालीच्या खाली.

रविवारी ताईकडे. सोळा वेळा विचारायचंय— मग? मशीन मी आणतो. रुमाल तिच्याकडे आहे.